मदत हवी आहे : जयवंत दळवींची नाटके आणि कादंबऱ्या तरुणांपर्यंत कशा न्याव्यात?

नमस्कार. नारायण पेठेतल्या आमच्या घरी दर रविवारी सात-आठ महाविद्यालयीन मुले-मुली मराठी वाचायला जमतात. गेल्या महिन्यात आम्ही जयवंत दळवी (1925-1994) यांचे 'संध्याछाया' हे नाटक मोठ्याने वाचले. त्यातल्या नाना-नानी या एकट्या पडलेल्या वृद्ध जोडप्याचे शेवटचे संवाद वाचणाऱ्या मुलीचा आवाज मध्येच थांबला, पुस्तक तिने शेजारच्या मुलाकडे सरकवले आणि पुढचे पान त्याने वाचले. मुले परदेशी गेलेली घरे इथे प्रत्येक गल्लीत असल्यामुळे या नाटकाला पुण्यात आजही प्रेक्षक आहे, असे मला मनापासून वाटते.

आता 'अंधाराच्या पारंब्या' ही कादंबरी आणि तिच्यावरून दळवींनीच लिहिलेले 'बॅरिस्टर' हे नाटक शेजारी ठेवून वाचायचे आहे. कादंबरीकार स्वतःच्याच मजकुरातून रंगभूमीसाठी काय उचलतो आणि काय सोडतो, हे मुलांना यातून दिसेल. मात्र ग्रंथालयातून मिळालेली कादंबरीची एकमेव प्रत इतकी जीर्ण आहे की पाने उलटताना कडा हातात येतात, आणि पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात दोन फेऱ्या मारूनही दुसरी मिळाली नाही. वाचनीय प्रत पुण्यात कुठे मिळेल?

दुसरे, 'संध्याछाया'चे अभिवाचन छोट्या सभागृहात, तिकीट न लावता करायचे आहे. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहत असल्याने परवानगी रीतसरच घ्यायची आहे. ज्यांनी दळवींच्या नाटकासाठी अशी परवानगी घेतली आहे, त्यांनी अर्ज कोणाकडे केला, हे कृपया सांगावे.