मदत हवी आहे: मुलुंड ते पवई, पावसाळ्यात सायकलने ऑफिस. सायकलला काय काय करून घ्यावं?

मुलुंडकर_पश्चिम

नमस्कार मंडळी. मृग लागायच्या आत सायकल तयार करायची आहे. रस्ता एल.बी.एस. मार्गाने गांधीनगरपर्यंत आणि पुढे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), एका बाजूने साधारण ९ किलोमीटर. सायकल साधी हायब्रिड: ॲल्युमिनियम फ्रेम, ७०० x ३५ टायर, व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे), मागे ७ गिअर. मडगार्ड नाहीत, पण ते बसवायला फ्रेमला आणि फोर्कला भोकं आहेत. वजन ७० किलो, सोबत लॅपटॉप आणि डबा. रात्री सायकल जिन्याखाली राहते. बजेट ६,००० च्या आसपास. डिस्क ब्रेकवाली नवी घ्यावी का? नाहीतर आधी पैसे कशावर घालू? आणि रेनकोट की पोंचो?

आरे_आणि_रिम

नवी सायकल अजिबात नको, हीच उत्तम तयार होईल. पावसाळ्यात सायकल खराब होते ती पाण्यापेक्षा चिखलाने. टायरवरून उडालेली बारीक वाळू चेनमध्ये, ब्रेकमध्ये आणि बीबीत (पॅडलचा आस फिरतो त्या बेअरिंगमध्ये) जाते आणि तिथे पॉलिश पेपरसारखी घासत राहते. म्हणून पहिला खर्च मडगार्डवर.

सीटखाली अडकवायचं छोटं प्लॅस्टिकचं पातं घेऊ नका. त्याने पाठ वाचते, बाकी काही नाही. चाकाला वळसा घालणारे, तारेच्या आधाराचे पूर्ण मडगार्ड घ्या. ३५ मिमी टायरला रुंदी ४५ मिमी. टायर आणि मडगार्ड यांच्यात किमान १० मिमी जागा ठेवा, कमी असेल तर चिखल साचून चाक घासतं. पुढच्या मडगार्डच्या तारा दाब आल्यावर सुटणाऱ्या क्लिपच्या असाव्यात. काडी किंवा पिशवी अडकून मडगार्ड चाकात ओढला गेला तर साधी तार चाक जागच्या जागी थांबवते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. बोल्ट M5 चे लागतात, आट्यांवर निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावा, नाहीतर पेव्हर ब्लॉकवर आठवडाभरात सैल होतील.

सगळ्यात महत्त्वाचा तुकडा दुकानात बहुधा मिळतच नाही: पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रबरी फ्लॅप. गाडीच्या जुन्या मॅटमधून साधारण १० सेमी रुंद पट्टी कापा, दोन छोटे बोल्ट आणि वॉशर लावून बसवा, जमिनीपासून ८-१० सेमी वर राहू द्या. पुढच्या चाकाचं पाणी थेट बुटांवर आणि बीबीवर येतं, ते या फ्लॅपने थांबतं.

व्ही_ब्रेकवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत, ब्रेकचं मी लिहितो. ओल्या रिमवर पहिला एखादा फेरा ब्रेकचा रबर नुसतं पाणी पुसतो, खरी पकड त्यानंतर येते. तुमच्या चाकाचा एक फेरा म्हणजे जवळपास २.२ मीटर. एवढं अंतर फुकट जातं हे धरून चालवा आणि सिग्नल दिसला की लांबूनच ब्रेक हलका टेकवून रिम कोरडी करत या.

सोबत आलेले टणक काळे रबर काढून पावसासाठीचे मऊ, विटकरी रंगाचे पॅड लावा. बसवताना वरची कड रिमच्या कडेपासून १ मिमी खाली, टायरला अजिबात लागता कामा नये. पॅडचं पुढचं टोक रिमला मागच्यापेक्षा १ मिमी आधी टेकावं, त्याने किंचाळणं थांबतं. दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी फट.

आठवड्यातून एकदा पॅड उजेडात धरून बघा. चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण रुतलेले दिसतात, ते दाभणाने उकरून काढा आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरवर घासा. हे राहिलं तर कण रिम कोरत जातात. रिमच्या बाजूला पट्टी उभी धरा. मधे खळगा दिसला किंवा झीज दाखवणारी खाच पुसली गेली असेल तर रिम बदलायची वेळ झाली.

मुलुंडकर_पश्चिम

फारच उपयोगी! चेनचं काय करू? दोन पावसांतच तांबूस होते. दुकानदार इंजिन ऑइल घाल म्हणाला. आणि टायरला खोल नक्षी हवी का?

आरे_आणि_रिम

इंजिन ऑइल गंज रोखतं पण माती धरून ठेवतं. वेट ल्यूबची (पावसासाठीच्या चेनच्या तेलाची) एक बाटली घ्या, पावसाळाभर पुरते. आधी रॉकेलात बुडवलेल्या फडक्याने चेन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकच थेंब, साधारण ११० कड्या म्हणजे तेवढेच थेंब. पॅडल १०-१५ वेळा उलटं फिरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. तेल रोलरच्या आत हवं, बाहेरचं फक्त चिखल गोळा करतं. म्हणूनच निघायच्या पाच मिनिटं आधी तेल घालण्यात अर्थ नाही. मुंबईच्या पावसात दर दोन-तीन ओल्या दिवसांनी हे करावं लागेल. रोज घरी आल्यावर मात्र नुसतं पुसा, दोन मिनिटांचं काम. जिन्याखाली ओली उभी राहते म्हणून तांबूस होते.

महिन्यातून एकदा स्टीलची पट्टी लावा. नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बरोबर १२ इंच भरतात. पिन १/१६ इंच पुढे गेली की चेन बदला. १/८ इंचापर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बदलावं लागतं.

टायरची नक्षी डांबरी रस्त्यावर जवळजवळ बिनकामाची. अरुंद टायर आपल्या वेगाला पाण्यावर तरंगत नाही. पकड येते रबराच्या मऊपणातून आणि हवेच्या दाबातून. तुमच्या वजनाला पुढे ४५, मागे ५५ पीएसआय ठेवा. टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. ओलं रबर काचेने पटकन कापतं, शिवाय ओल्या ट्यूबवर पॅच चिकटत नाही. म्हणून पॅचवर विसंबू नका, एक अख्खी ट्यूब आणि पंप बॅगेत हवाच.

जेव्हीएलआर_रोज

पोंचो नको. वाऱ्याने शिडासारखा फुगतो, कडा आऱ्यांत जाते आणि लाइट झाकला जातो. काखेत झिप असलेलं जॅकेट घ्या. तरी आतून घामाने भिजालच, त्यामुळे कोरडे कपडे ऑफिसातच ठेवणं शहाणपणाचं. बुटांऐवजी मागे पट्टा असलेल्या सँडल. हेल्मेटच्या आत छज्जावाली पातळ टोपी घातली की चष्म्यावर थेंब कमी येतात.

लॅपटॉप पाठीवर नको. कॅरियरला अडकणारी, तोंड गुंडाळून बंद होणारी २० लिटरची पॅनियर घ्या, आत आणखी एक प्लॅस्टिकची पिशवी. मागचा लाल लाइट दिवसाही चालू ठेवा. तो कॅरियरच्या मागच्या टोकाला लावा, सीटखाली पॅनियरआड जातो. दोन्ही लाइट किमान आयपीएक्स४ चे (पाण्याचे शिंतोडे सोसणारे) असावेत.

रस्त्यात मेट्रोच्या कामाच्या लोखंडी पत्र्या, मॅनहोलची झाकणं आणि पांढरे पट्टे ओले असताना साबणासारखे निसरडे होतात. त्यांच्यावर ना ब्रेक, ना वळण. सरळ, पॅडल थांबवून पार व्हा. पहिल्या पावसात तर धूळ आणि तेलाचा थर वर येतो, तो दिवस सगळ्यात घसरडा. साचलेल्या पाण्यात खड्डा किंवा उघडं गटार दिसत नाही. बाजूने जाता येत नसेल तर उतरून सायकल फुटपाथवरून ढकला.

मुलुंडकर_पश्चिम

आणि अडकलोच, पाणी पॅडलच्या वर आलं, तर घरी आल्यावर काय?

आरे_आणि_रिम

सीटपोस्टची उंची टेपने खूण करून ठेवा, पोस्ट बाहेर काढा, सायकल उलटी करा, आतलं पाणी ओतून द्या. बीबीच्या खाली निचऱ्याचं भोक असेल तर ते चिखलाने बुजलेलं नाही ना बघा. पोस्ट परत घालताना ग्रीस लावा. साध्या बादलीने धुवा. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा पाणी सीलच्या आत ढकलतो.

चाकाचा आस बुडाला असेल तर त्याच आठवड्यात दोन्ही हब (चाकांचे मधले भाग, ज्यांत बेअरिंग असतात) उघडून घ्या. आत दुधाळ ग्रीस दिसलं म्हणजे पाणी शिरलंय. कप-कोनचे (सुट्या गोळ्यांचे) हब असतील तर बहुधा पुढे प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाच्या १० गोळ्या, मागे १/४ इंचाच्या ९. उघडताना मोजा, जुन्या फेकून नव्याच टाका, वर भरपूर मरीन ग्रीस. गिअरची वायर हाऊसिंगमधून ओढून बघा, जड सरकत असेल तर दोन्ही बदला.

जेव्हीएलआर_रोज

सायकलच्या आधी पाय. साबणाने धुवा. पायाला जखम किंवा ओरखडा असताना तुंबलेल्या पाण्यातून गेला असाल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) धोका असतो. ताप यायची वाट न बघता २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधक गोळी तेच ठरवतील.