मदत हवी आहे: दमट हवेत टीपीई डॉलची त्वचा चिकट होते, डागही पडलाय

नमस्कार मंडळी. विषय खाजगी आहे, पण इथे समजून घेणारी माणसं आहेत म्हणून मोकळेपणाने विचारतो.

माझ्याकडे पूर्ण उंचीची टीपीई (रबरासारखं मऊ प्लास्टिक) डॉल आहे. राहायला भांडुपला, घरात एसी नाही. पाऊस सुरू झाला की त्वचेला बोट लावलं तरी चिकटतं. धूळ, केस, पंख्याची काजळी सगळं येऊन बसतं. टीपीईतलं तेल हळूहळू बाहेर झिरपतं, त्यामुळे हे होणारच. कोमट पाणी आणि सौम्य बेबी सोपने पुसतो, मऊ टॉवेलने न घासता टिपून घेतो, मग कॉर्नफ्लॉवरचा हलका हात. थोडे दिवस मखमलीसारखी राहते, पुन्हा तेच.

मुंबईच्या हवेत कॉर्नफ्लॉवरला बुरशी धरते का? टाल्कम बरी पडेल का? काखेत आणि मांडीच्या सांध्यात ओल राहते, तिथे तुम्ही काय करता? ड्रायरची गरम हवा मारायची नाही, टीपीई उष्णतेने मऊ पडतं.

खरी काळजी कमरेवरच्या डागाची आहे. जीन्सचा निळा रंग उतरलाय, शिवणीची रेघसुद्धा स्पष्ट दिसते. मुरुमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइड जेल लावून असे डाग फिके होतात म्हणतात. कोणी स्वतः वापरलंय का? किती वेळ ठेवलं? नंतर त्या जागी मिनरल ऑइल लावावं लागलं का?

अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट कृपया सुचवू नका, त्याने टीपीई खराब होतं. सिलिकॉन डॉलवाल्यांचे उपायही इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. टीपीई सांभाळणाऱ्यांनी प्लीज सविस्तर सांगा.