जुळ्यांना अंगावर पाजतेय, झोप कशी काढायची? मदत हवी आहे

खानापूरची_लेक: जुळ्या मुली आहेत, दोघी अंगावर पितात. एकीचं आटोपतं तोवर दुसरी उठते. काल पाजताना बसल्या बसल्या मान कलंडली, लेक हातातून निसटली असती. डब्याचं दूध द्या हा सल्ला नको. झोपेचं सांगा, लवकर.

वडगावची_मावशी: किती दिवसांच्या? वजनं? सिझर का? माहेरी आहेस की सासरी? काहीच लिहिलं नाहीस बाळ.

खानापूरची_लेक: माहेरी. सिझर. सव्वा महिना अजून व्हायचाय. तायी कार्डावर (आई-बाळाच्या नोंदीचं सरकारी कार्ड) धाकटीचं वजन दोन किलोच्या आत आहे.

निपाणीकर_बाबा: आमचीही जुळी. नर्सबाईंनी दोघांना एकदम पाजायला शिकवलं. दोन्ही काखांत एकेक बाळ, त्यांचे पाय आईच्या पाठीकडे, खाली लोड. टाक्यांवर भार येत नाही. एक उठलं की दुसऱ्यालाही उठवायचं. ढेकर नि लंगोट माझ्याकडे होते, पाजून झालं की बायको लगेच आडवी.

चिकोडीचे_पाटील: रात्री एकदा डबा दिला तर काय बिघडतं? आमच्या नाती ठणठणीत आहेत.

वडगावची_मावशी: पाटील, ती नको म्हणतेय ना? बाळ जेवढं ओढतं तेवढं दूध येतं, आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. रात्रीचं पाजणं चुकवलं तर दूध कमी होईल.

चिकोडीचे_पाटील: आणि आई झोपेत बाळावर पडली तर? धाकटीचं वजन भरत नसेल तर डॉक्टरच वरचं दूध सांगतील, तेव्हा ऐकायचं.

वडगावची_मावशी: डॉक्टरांनी सांगितलं तर ऐकायचंच, त्यात वाद नाही. लेकी, दोघींचं वजन करून घे. दिवसात सहा लंगोट ओले होतात का बघ. धाकटी सुस्त पडली, ओढेनाशी झाली तर घरी थांबू नकोस. आणि खुर्चीत, सोफ्यावर झोप येईल असं बसूच नको.

शहापूर_६: अळीवाची खीर, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू चालू आहेत का? अंगणवाडीत कर्नाटक सरकारच्या मातृपूर्ण योजनेचं दुपारचं जेवण मिळतं, नाव घातलंय का?

खानापूरची_लेक: खीर रोज होते हो. मला झोप हवीय.

शहापूर_६: आमच्या वेळी फॉर्म कन्नडमध्ये होता, सासूबाईंना वाचता येईना. इथल्या मराठी बाईनं काय करायचं?

निपाणीकर_बाबा: त्याचा वेगळा धागा काढा की. ताई, बाळं बघायला येणाऱ्यांना महिनाभर दारातूनच परत पाठवा. आमच्याकडे दुपारची झोप पाहुण्यांच्या चहातच जायची.

वडगावची_मावशी: हे खरं. आणि पहाटेसाठी थोडं दूध काढून ठेव, आईला वाटी-चमच्यानं पाजू दे. सध्याच्या गारव्यात चार तास टिकतं. तेवढा वेळ तू दुसऱ्या खोलीत झोप. पण मुली झोपल्या असतानाही झोप लागेना, सारखं रडू येतंय असं झालं तर डॉक्टरांना सांग, लपवू नकोस.

खानापूरची_लेक: रडू येतं, पण झोप लागते. पहाटेचं आईला आजच सांगते. बाबा, लोड किती उंच लागतो? आमचा गादीवरचा फार खाली जातो.

निपाणीकर_बाबा: बाळाचं तोंड छातीला लागेल एवढा. खाली चादरीच्या घड्या घाला. तुम्ही वाकायचं नाही, बाळाला वर आणायचं.