विषय: Re: Re: गेम डे – १८+ची टेबलं कुठे मांडायची?

मंडळी,
गेम डेला, म्हणजे बैठ्या खेळांच्या दिवशी, फक्त मोठ्यांच्या (१८+) खेळांची टेबलं हॉलमध्येच पडद्याआड मांडा असं सुचवलंय. पण पडदा लावून भागणार नाही. दिसायचं थांबतं, ऐकू येतंच. 'कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी' या चावट विनोदांच्या पत्त्यांच्या खेळात पत्ते मोठ्याने वाचावेच लागतात आणि खिदळणं ऐकलं की पोरं तिकडेच धावतात. मागच्या वेळचं उगाळत नाही. १८+ सगळं दाराआडच्या छोट्या खोलीत, नाहीतर रात्री ९ नंतर. बीअरही तिथेच.
– हॉल समिती

छोटी खोली बालविभागाला दिलेली आहे, कार्यकारिणीत ठरलंय. आणि १८+ म्हणजे नक्की काय? कपाटातले खेळांचे निम्मे डबे १४+ आहेत, तेही हलवायचे का?
– बालविभाग

ताई, डब्यावरचा आकडा मजकुराचा असतोच असं नाही. अमेरिकेत २००८च्या कायद्यापासून १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तू प्रयोगशाळेतून तपासून घ्याव्या लागतात. तो खर्च नको म्हणून बरेच छोटे प्रकाशक सरळ १४+ छापतात. आत निरुपद्रवी शेतीचा खेळ निघतो! जेनकॉनला, म्हणजे अमेरिकेतल्या बैठ्या खेळांच्या मोठ्या संमेलनात, प्रत्येक खेळाच्या नोंदणीत वयाचा रकाना असतो: फक्त १२पर्यंत, ६+, १३+, १८+, २१+. टेबल चालवणाराच तो भरतो. आपल्या गूगल फॉर्मात हेच टाका. १८ आणि २१ वेगळे का, तेही बघा: बीअर त्याच खोलीत ठेवली तर कॉलेजची १९-२० वर्षांची मुलं खेळायला चालतील, प्यायला नाही. मग मनगटाला पट्ट्या आल्या, दारात माणूस आला. बीअर स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच द्या, ओळखपत्र तिथेच बघा.
– खेळांचं कपाट

१४+चं पटलं, पण रांगत्या पोरांचं काय? तीन वर्षांखालच्यांसाठी ३.१७ सेमी व्यासाच्या नळीत मावेल तो तुकडा धोक्याचा, घशात अडकू शकतो. मीपल (माणसाच्या आकाराची छोटी सोंगटी) मावतो, फासाही मावतो. खेळ संपला की आधी टेबलाखाली बघा, मग डबा बंद करा.
– बालविभाग

भुताखेतांच्या रोलप्लेचं, म्हणजे पात्र बनून गोष्ट खेळायच्या खेळांचं, कोणीच बोलत नाही. १३+ लिहून भागत नाही. टेबलाच्या मधोमध एक्स-कार्ड (X लिहिलेलं कार्ड) ठेवतात. हात लावला की तो प्रसंग वगळायचा, कारण विचारायचं नाही. पण काका-मावश्यांच्या टेबलावर तेरा वर्षांचं पोर कार्डाला हात लावायला धजत नाही. म्हणून कशाकशाला फाटा द्यायचा ते सुरुवातीलाच चिठ्ठ्यांवर, नाव न घालता, लिहून घ्या.
– रोलप्ले गट

हे सगळं ठीक. तीन पत्ती १८+मध्ये धरलीय का? पैसे न लावता नुसत्या प्लास्टिकच्या चिप्सवर असेल तर मोठ्या हॉलमध्येच राहू दे, आजोबा मंडळी छोट्या खोलीचा जिना चढणार नाहीत.
– खजिनदार

जिना? छोटी खोली खालीच आहे. वरची ती ढोल-ताशांची.
– हॉल समिती