मदत हवी आहे: नदीकाठ 'साफ' करायला जेसीबी फुकट मिळतोय, घ्यावा का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

वाईच्या खालच्या अंगाला कृष्णेकाठी आमचं गाव. गावातली काही आणि पुण्याहून येऊनजाऊन असणारी काही, अशी आम्ही पंधरा-वीस माणसं महिन्यातल्या एका रविवारी नदीवर जमतो. घाटापासून केटी (कोल्हापुरी पद्धतीच्या) बंधाऱ्यापर्यंतचा साधारण किलोमीटरभर काठ आम्ही धरलाय. संस्था नोंदवलेली नाही, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप तेवढा आहे. ग्रामपंचायत घंटागाडी पाठवते. पोती, हातमोजे, चहा आमचं आम्ही बघतो.

कचरा काय निघतो ते नदीकाठच्या लोकांना सांगायला नको. पिंपळाखाली देवांच्या जुन्या तसबिरी, त्यांच्या फुटलेल्या काचा, दहाव्याला सोडलेले कपडे, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या. आणि साड्या! पुरात वाहून आलेली साडी काठावरच्या वाळुंजाच्या झाडाच्या मुळांत अडकते, तिच्यात वाळू भरते, मग दोघांनी ओढली तरी हलत नाही. कात्रीने तुकडे करत काढावी लागते.

तर मूळ प्रश्न. एका ओळखीच्या ठेकेदाराने जेसीबी, ड्रायव्हर आणि डिझेल द्यायची तयारी दाखवली आहे. माणूस भला आहे, मनापासून म्हणतोय. त्याच्या डोक्यातला आराखडा असा: काठावरची झुडपं उपटायची, घाटाच्या पुढची उभी दरड उतरती करायची, वर मुरूम टाकून पेव्हर ब्लॉक, चार बाकडी आणि गावाच्या नावाचा सेल्फी पॉइंट.

ग्रुपमध्ये यावरून सरळ दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, काट्याकुट्यांत कोण येणार? माणसं नदीवर आली, बसली, तरच त्यांना तिचं काही वाटेल. हे मला अगदीच चूक वाटत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, त्याच दरडीत खंड्या आणि वेडे राघू भोकं करून राहतात, ती पाडून आपण नक्की काय वाचवणार? मी मनाने या बाजूची, पण 'पक्ष्यांसाठी गाव अडवलं' असं ऐकून घ्यायची वेळ आली आहे.

दुसरं, पहिल्या दोन रविवारी जो उत्साह असतो तो पुढे आटतो. फोटो निघाले की माणसं गायब. आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांना आमच्या येण्याचा रागच येतो, आम्ही जणू त्यांना चोर ठरवतोय. यावर कुणी काय केलंय? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

---

सादडा

जेसीबी नको. कारणं भावनिक नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे वाळुंज आहे म्हणजे काठ अजून जिवंत आहे. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांची मुळं ती दरड धरून आहेत. पाण्याजवळच्या दगडगोट्यांत शेरणी असेल तर बघा, लांबट पानांचं चिवट झुडूप. पूर आला की ती आडवी पडते, पाणी उतरलं की पुन्हा उभी. पाण्याचा वेग तिथे मोडतो. ही झुडपं काढून दरड उतरती केली तर पहिल्याच मोठ्या पुरात मुरूम आणि पेव्हर ब्लॉक बंधाऱ्याच्या बर्ग्यांत (पाणी अडवायच्या फळ्यांत) जाऊन बसतील. मग गावच तुम्हाला विचारेल.

खंड्याला आणि वेड्या राघूला शक्यतो उभी दरड लागते, मऊ मातीची. उतारावर ते सहसा बीळ करत नाहीत, कारण साप-मुंगूस सहज चढतात. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत तिथे हात लावायचाच नाही.

मात्र काही झाडं काढायलाच हवीत. बेशरम असेल तर मुळासकट, हाताने. तिचा तुटका तुकडाही ओल्या मातीत मूळ धरतो, त्यामुळे काढलेला ढीग काठावर ठेवू नका, लांब नेऊन उन्हात वाळवा. घाणेरी आणि सुबाबळीची रोपंही काढा. जलपर्णी फुलायच्या आत ओढा, तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. अर्थात वरच्या अंगाचं सांडपाणी जोवर येतंय तोवर ती परत येणारच, त्याचा वेगळा धागा काढा.

---

सातबारा

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण त्याच्या आधीचा प्रश्न वेगळाच आहे. जमीन कुणाची?

नदीपात्र सरकारी. तिथली माती, मुरूम, वाळू हे गौण खनिज. परवानगीशिवाय उकरलं किंवा हलवलं तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ४८(७) लागतं. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, वर वाहन जप्त होऊ शकतं. 'आम्ही समाजकार्य करत होतो' हे तहसीलदारासमोर चालत नाही. भल्या ठेकेदाराचा जेसीबी अडकला की तो भलाही राहणार नाही.

शिवाय पूररेषा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पक्कं काहीही करायचं नसतं. तुमचा सेल्फी पॉइंट शंभर टक्के निळ्याच्या आत पडणार.

कचरा वेचायलासुद्धा ग्रामपंचायतीचा एक साधा ठराव करून घ्या. आणि तोंडी 'करा हो, काय होत नाही' यावर कधीच विसंबू नका. आयुष्य महसुलात गेलंय, म्हणून सांगतो.

---

घाटावरचा

मी जरा उलटं बोलतो. दरडीला हात लावू नका हे मान्य. पण 'माणसं आली पाहिजेत' म्हणणाऱ्यांना वेड्यात काढू नका. माझी आई सत्तरीची आहे. लहानपणी ज्या डोहात पोहली तो बघायची तिला इच्छा आहे, पण जाणार कशी? वाट गेली, वर बाभळीचे काटे. नदी दिसतच नसेल तर तिच्यासाठी कोण भांडेल?

आमच्याकडे आम्ही मधला मार्ग काढला. कोयत्याने फक्त एक पायवाट मोकळी केली, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढीच रुंद. ती झाडांना वळसे घालत जाते. बाकडी जुन्या घाटावर, जिथे आधीच दगड आहेत. बाकी काठ तसाच. वर्षातून एकदा पावसानंतर वाट पुन्हा काढावी लागते, आणि त्या दिवशी गंमत म्हणजे सफाईपेक्षा जास्त माणसं येतात. कोयता चालवायला मिळतो ना!

---

जुना_वाईकर

@कृष्णाकाठची, तुमच्या जेसीबीवाल्या मंडळींना एकदा वाईला गणपती घाटावर आणा आणि ढोल्या गणपतीच्या देवळाला मागून प्रदक्षिणा घालायला सांगा. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ, ऐन नदीकाठी. मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे, पुराचं पाणी फाटून दोन्हीकडून निघून जावं म्हणून. पूर येणार हे धरूनच त्यांनी बांधलं. मुरूम टाकून नदी मागे सरकवायचा विचार त्यांच्या मनात आला नाही.

कपडे धुणाऱ्या बायकांबद्दल. तुम्ही रविवारी सकाळी जात असाल, ती त्यांचीच वेळ. त्यांच्या जागेवर तुम्ही पाहुणे. आमच्याकडे घाटाघाटाची कृष्णाबाई (नदीच देवी) वेगळी, थंडी ओसरू लागली की एकामागून एक उत्सव होतात. उत्सवाच्या आधी घाट धुवायला कुणाला बोलवावं लागत नाही. तुमच्या गावात काही निमित्त असेलच. त्या बायकांना विचारा की पाणी कधीपासून बिघडलं, मासे कुठले मिळायचे, कुठल्या महिन्यात वास येतो. त्यांच्याइतकं रोज नदीकडे कुणीच बघत नाही. साबणाचं व्याख्यान मात्र देऊ नका, गावाचं गटार त्यांच्या साबणापेक्षा कितीतरी जास्त घाण आणतं.

---

लिटल_मायामी

मी ओहायोत राहतो, मूळचा साताऱ्याचा. इथे १९६८ पासून राज्याचा 'निसर्गरम्य नद्यां'साठी कायदा आहे. त्याच वर्षी अमेरिकेचा देशपातळीवरचा तसा कायदाही झाला. माझ्या घराजवळची लिटल मायामी ही ओहायोने त्या यादीत घातलेली पहिली नदी. तिथे स्वयंसेवक जे करतात ते तुमच्या 'उत्साह आटतो' या दुखण्यावर उपयोगी पडेल.

आम्ही कचरा वर्षातून मोजक्या वेळा काढतो. बाकी वेळी किडे मोजतो!

दोन काठ्यांना बारीक जाळी बांधायची, दोघांनी ती उथळ खळखळत्या पाण्यात धरायची. तिसऱ्याने वरच्या अंगाचे दगड हाताने चोळायचे, तळ पायाने ढवळायचा. जाळीत जे येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये. प्रकारांना गुण असतात. मेफ्लायची पिल्लं (बहुतेकांना मागे तीन शेपट्या), वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी करणारी कॅडिसची अळी, स्टोनफ्लाय हे स्वच्छ पाण्यातले, प्रत्येक प्रकाराला ३ गुण. चतुरांची पिल्लं, खेकड्यासारखे मधले, २ गुण. जळवा, गांडुळासारखे जंत, मिज नावाच्या चिलटांच्या अळ्या कशाही पाण्यात तगतात, १ गुण. बेरीज २२ च्या वर गेली तर उत्तम, १७ ते २२ चांगलं, ११ ते १६ बरं, त्याखाली वाईट.

ही मोजपट्टी इथल्या नद्यांसाठीची आहे, कृष्णेला जशीच्या तशी लावू नका. पण त्याच जागी, त्याच पद्धतीने दर काही महिन्यांनी केलंत तर बदल कळतो. आणि मुलं! आठवीतल्या पोराला पोतं दिलं तर तो पुढच्या वेळी येत नाही. ट्रे दिला तर मित्र घेऊन येतो.

---

ओढ्याकाठची

किड्यांच्या जोडीला पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचं किट घ्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मदत मिळते. आंघोळीच्या पाण्याचा आपल्याकडचा निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचं माप) ३ मिलिग्रॅमच्या आत असा आहे. बीओडी घरी होत नाही, प्रयोगशाळाच लागते. गावाला 'पाणी खराब आहे' सांगून काही होत नाही. 'घाटावर सहा होता, गटाराच्या तोंडाखाली दोन' असा फळा लावला की चर्चा सुरू होते. (आकडे उदाहरणादाखल, तुमचे तुम्ही मोजा.)

जाता जाता: महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीला आणि वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराला देवाचे मासे आहेत. महसीर. कुणी धरत नाही, लोक बघायला येतात. रेलिंग-लॉन काही लागलं नाही. तुमच्या डोहाला असा काही मान आहे का, जुन्या लोकांना विचारा.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. @सातबारा यांचा प्रतिसाद ग्रुपवर टाकल्यावर जेसीबीचा विषय पाच मिनिटांत संपला, कलमाचा आकडा कामाला आला. ठेकेदारदादांना वाईट वाटू नये म्हणून विचारलं, जेसीबीऐवजी साड्या आणि काचा वाहायला ट्रॅक्टर-ट्रॉली देता का? आनंदाने हो म्हणाले. आता वाट कोयत्यानेच काढायची, वळसे घालत.

@जुना_वाईकर काका, काल नुसतीच जाऊन घाटावर बसले. एक आजी म्हणाल्या, बर्गे घातले की चार दिवसांनी पाण्याला वास सुटतो, आणि तोही फक्त गावाच्या बाजूला. हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं!

आता किडे मोजायला शाळेतली मुलं न्यायची म्हणतोय. मुख्याध्यापक तयार आहेत, पण सुरक्षिततेचं लिहून मागतायत. काय काय घालू? आणि ती बारीक जाळी इथे कुठे मिळेल?

---

सादडा

सुरक्षितता: धोम धरणाचं आवर्तन (सोडायचं पाणी) कधी सुटणार हे शाखा अभियंत्याला आधी विचारा, पाणी चढायला वेळ लागत नाही. बंधाऱ्याच्या लगेच खाली कुणालाही उतरवू नका, तिथे भोवरा असतो. मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात नेऊ नका, आणि वरच्या अंगाला एक मोठा माणूस नुसता पाण्याकडे बघत उभा ठेवा. त्याला दुसरं काही काम देऊ नका. पावसाळ्यात आणि पावसानंतर लगेच मुलं नकोतच.

गमबूट सगळ्यांना. अंगावर जखम असेल तर पाण्यात जायचं नाही, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाची) भीती असते. काचा वेचणाऱ्या मोठ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघून घ्यावं. नंतर कुणाला ताप आला तर डॉक्टरांना नदीत उतरलो होतो हे आवर्जून सांगायचं.

---

लिटल_मायामी

जाळीसाठी मच्छरदाणीचं कापड चालतं, नायलॉनचं घ्या, सुती पाण्यात जड होतं. साधारण मीटरभर लांब-रुंद. खालच्या कडेला दुमडून शिवण घाला आणि आत सायकलची जुनी चेन ओवा, म्हणजे तळाला टेकून राहते. वरच्या कडेला काही नको. काठ्या बांबूच्या. ट्रे म्हणून पांढरा प्लास्टिकचा टब. किडे बघून झाले की त्याच जागी परत सोडा, आणि उलटे केलेले दगड पुन्हा सुलटे ठेवा.

---

कृष्णाकाठची

चेनची आयडिया भारी आहे, गावात सायकलवाला आहे. जाळी शिवून झाली की फोटो टाकते. वाई-भुईंज पट्ट्यातलं कुणी किडे ओळखणारं असेल तर कृपया विचारपूशीत कळवा, पहिल्या वेळी सोबत हवी आहे.