डिस्ट्रिक्टच्या शाळेत हिंदी: मी पिटिशनवर सही केलेली नाही

मध्यजर्सी
सेंट्रल जर्सीतल्या आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे आमच्या टॅक्सवर चालणाऱ्या सरकारी शाळांचा विभाग) देसी पालकांची पिटिशन फिरतेय: मिडल स्कूलपासून हिंदी सुरू करा. बजेटची ओढाताण आहे, जर्मनला पुरेशी मुलं येत नाहीत, तर ते बंद करून हिंदी आणा, असा एकूण सूर. व्हॉट्सॲपवर 'सही केली का?' असा रोज तगादा. मी केलेली नाही. शिव्या घालायच्या तर पूर्ण वाचून घाला.

हिंदीशी माझं वाकडं नाही, पण हिशोब जमत नाही. अमेरिकी परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. त्यांच्या अंदाजाने कामापुरती स्पॅनिश यायला ६०० ते ७५० तास लागतात, हिंदीला सुमारे ११००, चिनी-जपानीला २२००. आता हायस्कूल घ्या. ४५ मिनिटांचा तास, १८० दिवस, म्हणजे वर्षाला १३५ तास. चारही वर्षं घेतली तरी ५४०. त्यातून फायर ड्रिल, स्टेट टेस्ट आणि सबस्टिट्यूटने लावलेले सिनेमे वजा करा. शिवाय ग्रॅज्युएशनला न्यू जर्सीत वर्ल्ड लँग्वेजचे पाचच क्रेडिट लागतात, म्हणजे एक वर्ष. कॉलेजसाठी म्हणून मुलं दोन-तीन वर्षं रेटतात आणि सोडतात.

एलिमेंटरीत तर आनंदच. माझी मुलगी पहिलीत स्पॅनिशचे रंग शिकली: रोहो, आसुल, बेर्दे. सहावीत नवीन टीचर आल्या, त्यांनी पुन्हा रोहो, आसुल, बेर्दे. मधल्या वर्षांत आठवड्याला अर्धा तास गाणी. नवी भाषा आणून हे सुधारणार आहे का? जी भाषा शाळेत आहे ती पहिलीपासून नीट शिकवा, एवढंच माझं म्हणणं. युटाने २००८ साली कायदा करून ते केलं. तिथे ड्युअल इमर्शनच्या शाळांत अर्धा दिवस चिनी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये जातो, आणि त्या वेळात गणितही त्याच भाषेत. (मॉर्मन चर्चच्या मिशनवर परदेशी जाऊन भाषा शिकून आलेली माणसं तिथे घरटी सापडतात, हा त्यांचा फायदा आहे, मान्य.)

टॅक्सभरू
तुमचा हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. ५४० तासांत शून्यापासून स्पॅनिश येणार नाही म्हणताय ना? मग ज्या मुलाच्या कानावर घरी हिंदी पडते त्याच्यासाठी तेच तास सोन्यासारखे आहेत. तो शून्यावर नसतोच.

आणि भाषांच्या यादीत कोण बसतं हे काय भाषातज्ज्ञ ठरवतात? एपी इटालियनची (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) परीक्षा २००९ नंतर बंद झाली होती. इटालियन-अमेरिकन संस्था आणि इटलीचं सरकार यांनी पैसे उभे केले, तेव्हा २०१२ मध्ये ती परत आली. हिंदीची एपी आजही नाही. का? कारण आपण प्रॉपर्टी टॅक्स भरतो, स्पेलिंग बी जिंकतो आणि स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जात नाही. आपल्याच जर्सीतल्या एडिसन गावी हायस्कूलमध्ये हिंदी आहे, ती आपोआप उगवलेली नाही.

फळाखडू
मी दुसऱ्या एका डिस्ट्रिक्टमध्ये हिंदी शिकवते. दोघांनाही सांगते, वर्गात काय होतं ते पाहा. पहिल्या बाकावर कानपूरच्या घरातली मुलगी, घडाघडा बोलते, अक्षरओळख नाही. शेजारी तेलुगू घरातला मुलगा, त्याला सिनेमातलं समजतं, बोलताना प्रत्येक वाक्यात लिंग चुकतं. मागे मैत्रिणीसोबत आलेली कोरियन मुलगी, तिला काहीच येत नाही, आणि ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांत सुंदर देवनागरी तिचीच. या तिघांना एकच पुस्तक, एकच टेस्ट. हेरिटेज मुलांचा, म्हणजे घरी भाषा ऐकत वाढलेल्यांचा, वेगळा सेक्शन मागितला की उत्तर ठरलेलं: तेवढे आकडे नाहीत.

टीचर मिळणं हे आणखी वेगळं दुखणं. सर्टिफिकेटसाठी तोंडी परीक्षा ॲडव्हान्स्ड लो पातळीवर (वरच्या श्रेणीची पहिली पायरी) पास व्हावी लागते. ती सहज होतील अशा कितीतरी बायका एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, नोकरीची परवानगी सहसा नाही) घरी बसल्यात. एकटी टीचर सोडून गेली की अख्खा प्रोग्रॅम बंद.

सदाशिवपेठी
हिंदीच का? मराठी का नाही? इथे महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचे जीआर सरकारला २९ जून २०२५ ला मागे घ्यावे लागले, आणि तुम्ही तिकडे जाऊन स्वतःहून मागताय!

टॅक्सभरू
अहो, तिथे भांडण पहिलीतल्या पोरांवर तिसरी भाषा लादण्याचं होतं. इथे सातवीतलं मूल चार भाषांतून एक निवडतं. दोन्ही एका मापाने कसे मोजता?

रविवारची शाळा
मराठीचं मी सांगतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इथल्या मराठी मंडळांची संघटना) मराठी शाळा आम्ही रविवारी चालवतो, शिकवणारे सगळे पालक. आता मुलं मराठीची परीक्षा देऊन हायस्कूलच्या डिप्लोमावर सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा लिहिता-वाचता येतात असा शिक्का, मिळवू शकतात. डिस्ट्रिक्टने वर्ग उघडायची वाट बघायला नको, परीक्षा मान्य केली तरी पुरे. मागायचंच तर हे मागा, याला नवा पगार लागत नाही.

टॅक्सभरू
म्हणजे टॅक्स द्यायचा डिस्ट्रिक्टला आणि शिकवायचं आपणच, रविवारची झोप मोडून. वा!

हमबोल्ट
माझा मुलगा त्याच जर्मनच्या वर्गात आहे. हो, देसीच. तिसरं वर्ष चालू आहे, चौथं त्याला हवंय. पिटिशन लिहिताना त्या मुलांना कुणी विचारलं?

मध्यजर्सी
हमबोल्ट, नाही विचारलं. ग्रुपवर मी हे काढलं तर 'निगेटिव्हिटी नको' म्हणून अंगठे आले.

फळाखडू ताईंच्या प्रतिसादानंतर मी एवढं म्हणेन: लेव्हल एक ते चार सलग चालवू, हेरिटेज सेक्शन वेगळा ठेवू आणि आत्ताच्या जर्मनवाल्यांना शेवटपर्यंत नेऊ, हे पिटिशनमध्ये घाला. मग सही करतो.

टॅक्सभरू
असं लिहून कोण देणार? टॅक्स लेव्ही, म्हणजे डिस्ट्रिक्ट गोळा करतं तो एकूण प्रॉपर्टी टॅक्स, वर्षाला दोन टक्क्यांच्या वर सहसा वाढवता येत नाही, सुपरिंटेंडंट तेच पालुपद लावतील. आधी वर्ग सुरू तर होऊ द्या, बाकीचं भांडून घेऊ.

फळाखडू
आमच्याकडेही 'आधी सुरू तर होऊ द्या' म्हणाले होते. लेव्हल तीन आणि चार आजही मी एकाच खोलीत, एकाच तासाला घेते.

हमबोल्ट
मंगळवारी बोर्ड मीटिंग आहे, पब्लिक कमेंटला तीन मिनिटं मिळतात. मी जर्मनसाठी नाव दिलंय. टॅक्सभरू, तुम्ही येताय ना?