माळावर गिरिपुष्प, किनवटला साग: वनीकरण कुणासाठी?

बालाघाटी: पावसाळा आला की आमच्या बीड-धाराशिवच्या माळावर चर खोदून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावायलेत. मुरमात जगतं, शेळी सहसा तोंड लावत नाही, जिवंत रोपांचा आकडा छान दिसतो. पण कुसळी-पवन्याचं गवत सावलीत मरतं. चंडोल, धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात, लांडगा-खोकड शिकारही तिथंच करतात. तिकडं किनवट-माहूरला ऐन, धावडा, मोह, तेंदू, चारोळीचं मिश्र रान. राज्यात १९७४ ला वनविकास महामंडळ आलं आणि असं रान काढून सलग साग लावायची रीत रुळली. सगळी झाडं एका वयाची, ढोलीचं एकही नाही. पिंगळ्यानं राहायचं कुठं?

मांजराकाठ: लातूर जिल्ह्यात एक टक्काही जंगल नाही आणि तुम्ही पिंगळ्याची काळजी करायलाव! १९८८ चं वन धोरण ३३ टक्के म्हणतं. काहीतरी हिरवं उगवू द्या की.

बालाघाटी: तो आकडा सबंध देशाचा आहे, जिल्ह्याजिल्ह्याचा नाही. २०१९ ला ३३ कोटी झाडांची मोहीम झाली, तेव्हाही माळ म्हणजे पडीक असंच धरलं.

सागवानी: किनवटचा आहे, म्हणून बोलतो. साग बाहेरचा नाही, इथल्या रानातलाच आहे. कूप, म्हणजे तोडीला लावलेला रानाचा तुकडा, निघाला की गावाला मजुरी मिळते. लाकूड रोपवनातून नाही आलं तर चोरतोड वाढंल, तेव्हा कुठं जाईल तुमची जैवविविधता?

रानवाट: साग इथलाच, मान्य. पण नुसता सागच राहिला की मोहफुलं, चारोळी, तेंदूपानं गेली. उन्हाळ्यात घर चालायचं त्याच्यावर. मजुरी कूप निघाल्यावरच, मोह दरसाल. विरळणी करताना ढोलीची म्हातारी झाडं आणि ओढ्याकाठचा पट्टा सोडला तर लाकूड असं किती बुडतंय?

सागवानी: ओढ्याकाठचं पटतं. म्हातारं झाड ठेवलं तर मात्र हिशेबात तूट दाखवतात, आणि जाब वनरक्षकाला द्यावा लागतो.

मांजराकाठ: बरं, माळावर झाड नको म्हणता. मग गवत राखणार कोण? चराईबंदी लागली की पहिला मार धनगराला.

बालाघाटी: बंदी कोण मागायलंय? पावसाळ्यात निम्मा माळ राखायचा, निम्मा चारायचा, पुढच्या साली उलट. झाडांसाठी खड्डे खोदायचा पैसा राखणदाराला द्या.